छोट्या ट्रॅक्टरच्या बॉनेटखालची उष्णता: दुरुस्ती करूनही पुन्हा पुन्हा तापत असेल तर

तक्रार साधारण अशी असते. १८ ते २८ एचपीचा बागेतला छोटा ट्रॅक्टर, मागे फवारणीचा ब्लोअर नाहीतर रोटाव्हेटर. मार्च उलटला की दुपारी तासभर काम झाल्यावर बॉनेटला हात लावता येत नाही. स्टिअरिंगखालून पायांवर झळा येतात, ओढ कमी झाल्यासारखी वाटते, आणि चहाला म्हणून बंद केला की अर्धा तास सेल्फ घेत नाही. गॅरेजला नेला की रेडिएटर धुतात, पट्टा बदलतात, कूलंट भरून देतात. थोडे दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच.

नान्नज, कासेगावच्या द्राक्षबागा असोत की सांगोल्याकडचं डाळिंब, आपल्या सोलापूर जिल्ह्यात ही तक्रार जास्तच. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो हे एक कारण. दुसरं कारण कामाच्या पद्धतीत आहे. पीटीओ, म्हणजे मागचं अवजार फिरवणारा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर ठेवायचा म्हणून रेस पूर्ण, पण ट्रॅक्टर चालतो माणसाच्या चालीनं. म्हणजे इंजिनवर बोजा पूर्ण आणि समोरून येणारा वारा जवळपास शून्य. त्यात दोन्ही बाजूंना पानांची भिंत. तिसरं कारण सायलेन्सरचं. मोठ्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर बॉनेटच्या वर उभा असतो. बागेच्या ट्रॅक्टरचा मात्र तारा आणि फांद्यांना लागू नये म्हणून आडवा, खाली, पुष्कळदा बॉनेटच्या पोटातच असतो. डिझेल जळून जी ऊर्जा निघते तिचा ढोबळमानानं एक तृतीयांश भाग कामाला येतो आणि जवळजवळ तेवढाच धुराबरोबर बाहेर पडतो. तो बाहेर पडायच्या आधी बॉनेटखालून फिरून जातो.

तरीही नवीन ट्रॅक्टर पहिले दोन-तीन उन्हाळे हेच काम विनातक्रार करतो. म्हणजे रचनेत उष्णता बाहेर काढायची सोय असते. ती नंतर कुठेतरी मोडते. माझ्या मते वारंवार उलटणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इंजिनात नसतं. बॉनेटखालचे दोन-चार पत्रे आणि फोमच्या पट्ट्या गायब झालेल्या असतात, मूळ तिथे असतं. गॅरेजमध्ये काम करताना आडवा येणारा पत्रा काढला जातो, बोल्ट गंजलेला असतो, मिस्त्री म्हणतो, “अण्णा, ह्याचं काय काम नसतंय, राहू द्या.” आणि तो पत्रा कोपऱ्यात पडतो. रेडिएटर धुतला की फरक पडतो, पण गरम हवेची परत यायची वाट मोकळीच राहते, म्हणून जाळी जरा भरली की पाण्याच्या तापमानाचा काटा पुन्हा वर.

आधी काय तापतंय ते ठरवा

पाण्याचा काटा जागेवर आहे, पण बॉनेट, टाकी आणि पाय भाजतायत, तर रेडिएटरच्या मागे लागू नका. दोष सायलेन्सरच्या बाजूला आहे: सांध्यातलं गॅस्केट, पत्रा किंवा धूर. काटा वर जातोय पण बॉनेटखाली नेहमीइतकंच गरम आहे, तर पाण्याची बाजू बघा: कूलंट, थर्मोस्टॅट (पाण्याची वाट उघड-बंद करणारी झडप), पाण्याचा पंप, पट्टा, रेडिएटरच्या आतला क्षार. दोन्ही एकदम होत असेल तर हवेची वाट बिघडली आहे. बागेतल्या ट्रॅक्टरांत हा तिसरा प्रकारच जास्त सापडतो.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. ओळीत एका दिशेनं जाताना काटा चढतो आणि वळून परत येताना उतरतो का? काटा चढताना वारा पाठीवर असेल तर बॉनेटच्या बाजूंनी बाहेर पडलेली गरम हवा वारा पुढे ढकलतोय आणि पंखा तीच परत ओढतोय. या एका खुणेवरून रेडिएटर सोडवायचा खर्च वाचू शकतो.

मोजमापासाठी लेझर लाइटची इन्फ्रारेड गन मिळते. ४०० अंशांच्या पुढे मोजणारी घ्या. कोविडच्या वेळची कपाळावर धरायची गन घरात पडून असेल तर ती इथे चालत नाही, ती फक्त अंगातल्या तापापुरती असते. आणि चकचकीत ॲल्युमिनियमवर गन खोटं बोलते, खऱ्यापेक्षा बरंच कमी दाखवते. जिथे मोजायचं तिथे काळ्या, बिनचमकीच्या, उष्णता सोसणाऱ्या रंगाचा ठिपका द्या आणि नेहमी त्याच ठिपक्यावर मोजा.

हवेची वाट

या ट्रॅक्टरांत पंखा बहुधा रेडिएटरच्या मागे असतो. तो पुढून हवा ओढतो, रेडिएटरमधून काढतो आणि इंजिनवर फेकतो. ही हवा मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारी नळी), सायलेन्सर यांच्यावरून जाऊन बाजूच्या जाळ्यांतून आणि खालून बाहेर पडते. यात तीन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे.

पहिली, रेडिएटर आणि बॉनेट यांच्यामधल्या फोमच्या किंवा रबराच्या पट्ट्या. रेडिएटरच्या वर आणि दोन्ही बाजूंना बोटभर फट दिसत असेल तर पंखा चालू असताना इंजिनकडची गरम हवा त्या फटीतून पुढे येते आणि पुन्हा रेडिएटरमध्ये शिरते. बाहेर ४२ आणि रेडिएटरच्या तोंडावर ५५ असा प्रकार होतो. मग रेडिएटर कितीही स्वच्छ असला तरी काय करणार? तपासायला काठीच्या टोकाला सुताचा वीतभर धागा बांधा, इंजिन कमी रेसवर ठेवा आणि काठी लांबून धरून रेडिएटरच्या कडेनं फिरवा. धागा जाळीकडे ओढला जायला हवा. कडेच्या फटीतून तो उलटा, बाहेरच्या बाजूला उडत असेल तर वाट तिथे फुटलीय. उपरणं, गमछा, सैल बाही यातलं काहीही पंख्याजवळ नको.

पट्टी बदलताना गादीतला साधा फोम घेऊ नका, महिन्यात त्याचा चुरा होतो. रबरी, बंद छिद्रांचा फोम घ्या, गाडीच्या दारांना लावतात त्या जातीचा. मापापेक्षा थोडा जाड, म्हणजे बॉनेट लावल्यावर तो दाबला जाईल.

दुसरी, पंख्याभोवतीचं कव्हर, म्हणजे श्राउड. पात्यांचं टोक आणि कव्हर यात सगळीकडून सारखं, थोडंसंच अंतर असावं. कव्हरचा खालचा अर्धा तुकडा हमखास गायब असतो, कारण पट्टा बदलताना तोच आडवा येतो. तो नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची हवाच घुसळत बसतो. तुटलेलं कव्हर वेल्डिंगवाल्याकडून पातळ पत्र्यात करून घेता येतं, फक्त पात्याला घासणार नाही एवढं बघा.

तिसरी, बाजूचे पॅनल. “पॅनल काढून टाका, गार राहील” हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. काढल्यावर काटा थोडा उतरतोही. पण मग गरम हवा थेट चालकाच्या पायांवर येते, धूळ आणि काड्या अल्टरनेटरवर बसतात, आणि वारा पाठीवर असताना गरम हवा पुढे पळायला मोकळी होते. पॅनल ठेवूनच बाहेर पडायची जाळी मोकळी करणं जास्त बरं. जाळीवर रंगाचे थर असतील, पाचट अडकलं असेल तर ते काढा.

रेडिएटरची जाळी धुणं सगळ्यांना माहीत आहे, पण उलटीकडून धुवायची हे विसरलं जातं. धूळ पुढून शिरलेली असते, म्हणून हवा किंवा पाणी पंख्याच्या बाजूनं पुढे मारा. प्रेशर गनची धार जवळून मारली तर रेडिएटरची बारीक पाती वाकतात आणि वाट कायमची बंद होते. फवारणीच्या ट्रॅक्टरला आणखी एक त्रास आहे. बोर्डोचा (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचा) फवारा वाऱ्यानं फिरून रेडिएटरवर बसतो. रेडिएटर ॲल्युमिनियमचा असेल तर बोर्डोतलं तांबं त्याला खातं. बोर्डो मारलेल्या दिवशी संध्याकाळी इंजिन गार झाल्यावर साध्या पाण्यानं रेडिएटर धुऊनच ट्रॅक्टर लावा.

मॅनिफोल्ड आणि सायलेन्सर

आता उष्णतेचा मूळ झरा. बोजा पूर्ण असताना मॅनिफोल्डमधून जाणारा धूर ४०० ते ६०० अंशांपर्यंत असतो. रात्री अंधारात बॉनेट उघडल्यावर मॅनिफोल्ड मंद लालसर दिसत असेल तर लोखंड ५०० च्या पुढे गेलेलं आहे, आणि ते गंभीर आहे.

इथे एक हिशेब समजून घ्यावा असा आहे. तापलेल्या लोखंडाची धग तापमानाच्या प्रमाणात सरळ वाढत नाही, फार वेगानं वाढते. ३५० अंशांवरचा मॅनिफोल्ड ४५० वर गेला तर त्याची धग सुमारे १.८ पट होते. म्हणजे धुराचं तापमान थोडं खाली आणलं तरी बॉनेटखाली मोठा फरक पडतो. म्हणून पत्रे ठोकायच्या आधी धूर एवढा गरम का होतोय ते बघा.

एअर क्लीनर चोंदलेला असेल, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा) टपकत असेल, डिझेल पंपातून डिझेल जास्त सुटत असेल किंवा टायमिंग मागे गेलं असेल, तर धूर काळा आणि जास्त गरम येतो. “ओढ वाढवून देतो” म्हणून पंपाचा स्क्रू फिरवलेला ट्रॅक्टर उन्हाळ्यात तापणारच. तो पंपवाल्याकडून टेस्ट बेंचवर लावून मूळ मापावर आणा. तीन सिलिंडरचं इंजिन असेल तर मॅनिफोल्डच्या तिन्ही तोंडांवर गन धरा. एक तोंड बाकीच्या दोघांपेक्षा फारच गार असेल तर तो सिलिंडर काम करत नाही आणि त्याचा बोजा बाकीचे दोघे वाहतायत. एक तोंड खूप गरम असेल तर आधी त्याचा नोझल तपासा.

हवा कुठून घेतली जाते तेही बघा. एअर क्लीनरचा पाइप बॉनेटच्या आतच निसटलेला असेल तर इंजिन ४० ऐवजी ८० अंशांची हवा ओढतं. तेवढ्यानं प्रत्येक घोटातल्या हवेचं वजन साधारण ११ टक्क्यांनी घटतं. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून धूर काळा आणि आणखी गरम. त्या धुरानं बॉनेट आणखी तापतं, आणि पुढचा घोट आणखी गरम हवेचा. एक क्लॅम्प बसवून हे चक्र तुटतं.

सायलेन्सर आतून काजळीनं भरला असेल किंवा बाजारातला बारीक तोंडाचा बसवला असेल तर धूर कोंडतो. शंका असेल तर पाइप काढून आत बघा, काठीनं ठोका, काजळीच्या खपल्या पडतात.

गॅस्केट गळतं आहे का हे सकाळी गार इंजिन सुरू करताना कळतं. टिक-टिक किंवा फस-फस आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर तो दबतो. मॅनिफोल्ड आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) यांच्या सांध्यावर काळा फराटा दिसतो. नवीन गॅस्केट बसवताना मॅनिफोल्ड वाकलाय का ते सपाट पट्टीनं बघा. वाकलेल्यावर कितीही गॅस्केटं घाला, तो पुन्हा गळेल, तो घासून सपाट करूनच बसवावा लागतो. नट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेनं, दोन-तीन टप्प्यांत आवळा. एकदा तापून पूर्ण गार झाल्यावर परत एकदा पाना लावा. ही दुसरी आवळणी कोणी करत नाही, आणि गॅस्केट पुन्हा जायचं मुख्य कारण तेच.

पत्रा कसा असावा

मॅनिफोल्ड आणि टाकी-बॅटरी-वायरिंग यांच्यामधला पत्रा हरवला असेल तर डीलरकडे पार्ट कॅटलॉगमधली त्या जागेची आकृती बघा. आपल्या ट्रॅक्टरवर मूळ किती पत्रे होते ते तिथेच कळतं. मिळत नसेल तर करून घ्या. ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस, एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. जस्ताचा पत्रा मॅनिफोल्डशेजारी नको. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि त्याचा धूर छातीला वाईट.

पत्र्याचा खरा फायदा त्याच्या दोन्ही बाजूंच्या हवेत आहे. मॅनिफोल्डपासून दोन-अडीच सेंटीमीटर दूर, आणि पलीकडेही तेवढीच मोकळी जागा. थेट चिकटवून बोल्ट केलेला पत्रा स्वतःच तापतो आणि दुसरा मॅनिफोल्ड होऊन बसतो. एक नीट बसवलेला साधा पत्रा समोरची धग निम्म्याच्या आसपास आणतो, चकचकीत असेल तर आणखी कमी. जागा असेल तर दोन पातळ पत्रे मध्ये फट ठेवून लावा. वरची आणि खालची कड उघडी ठेवा, म्हणजे मधली हवा वर सरकत राहील. पंख्याच्या हवेला आडवा येईल असा मात्र लावू नका.

हे काम कोण चांगलं करतं? आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर आहेत. वाफेच्या पाइपांना उष्णता अडवणारी लोकर गुंडाळून वर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवणारे कारागीर गावोगावी सापडतात. मोजून कापणं, कड दुमडणं, रिव्हेट मारणं यांत त्यांचा हात बसलेला असतो. साध्या फॅब्रिकेशनवाल्यापेक्षा मी त्यांच्याकडे जाईन.

सायलेन्सरला गुंडाळायची ग्लासफायबरची पट्टी सध्या फार विकली जाते. मॅनिफोल्डच्या पुढच्या नळीवर ती ठीक आहे. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या मॅनिफोल्डवर गुंडाळू नका. आत उष्णता कोंडून बीड तडकू शकतं, पावसाळ्यात आत ओल धरून गंजतंही. आणि पट्टी एकदा डिझेलनं किंवा ऑइलनं भिजली की ती वात झाली, त्याच दिवशी काढून टाका. जुन्या बाजारात मिळणारी ॲस्बेस्टॉसची दोरी कुणी फुकट दिली तरी घेऊ नका, तिचे तंतू फुप्फुसात जातात.

बंद केल्यावर सेल्फ न घेणं

हा भाग वेगळा सांगतो, कारण यात बॅटरी बदलून लोक पैसे घालवतात. इंजिन बंद झालं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, पण मॅनिफोल्ड अजून शेकडो अंशांवर असतो. पुढची दहा-पंधरा मिनिटं बॉनेटखालचं तापमान चालू असतानापेक्षाही वर जातं. सेल्फ आणि त्याची केबल तिथेच शेजारी. तांब्याचा विद्युतरोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे ६० अंश वाढले की जवळपास चौथाई जास्त. त्यात टर्मिनलवर गंज असेल तर संपलंच.

मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी सेल्फच्या मोठ्या टर्मिनलवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. गियर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर केबल किंवा जोड खराब. हेच अर्थिंगच्या बाजूनंही करा. केबल सायलेन्सरपासून निदान १० सेंटीमीटर दूर न्या, ग्लासफायबरची नळी चढवा आणि धातूच्या क्लिपनं बांधा. प्लॅस्टिकचा टाय उन्हाळ्यात मऊ होऊन केबल परत सायलेन्सरवर टेकते.

काम थांबवल्यावर तीन-चार मिनिटं बिनबोजा, कमी रेसवर चालू द्या आणि मगच बंद करा. बंद केल्यावर बॉनेट उघडा ठेवा आणि ट्रॅक्टरचं तोंड वाऱ्याकडे करा.

आगीबद्दल

नोझलवरून टाकीकडे परत जाणाऱ्या बारीक पाइपाकडे प्रत्येक उन्हाळ्याआधी बघाच. धगीनं तो कडक होतो, तडकतो आणि थेंब-थेंब डिझेल मॅनिफोल्डवर पडू लागतं. डिझेल अडीचशे अंशांच्या आसपास ठिणगीशिवायही पेट घेतं, आणि मॅनिफोल्ड त्याच्या कितीतरी वर असतो. त्या जागी गवंड्याचा पारदर्शक लेव्हल पाइप लावलेले ट्रॅक्टर नेहमी दिसतात. तो बदलून डिझेलचा पाइप घाला, आजच.

उसाच्या पाचटात किंवा ज्वारी काढलेल्या रानात गेलात तर दर फेरीला आडव्या सायलेन्सरभोवती अडकलेलं पाचट काढा. धुराचं तोंड खाली जमिनीकडे वळवलेलं असेल तर ते बाजूला, बाहेरच्या दिशेला वळवून घ्या. मात्र पंखा हवा ओढतो त्या पुढच्या भागाकडे नको. पावडरचा अग्निशामक ट्रॅक्टरवर हाताशी येईल असा लावा.

एवढं करूनही काटा चढत असेल तर

मग पाण्याची बाजू. बोअरचं पाणी घालत आला असाल तर आत क्षार बसलेला आहे, रेडिएटर आतून साफ करून कूलंट भरा. थर्मोस्टॅट काढून टाकलेला असेल तर परत बसवा. काही इंजिनांत तो नसला की पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आतच फिरतं. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग ढिली असेल तर झाकण बदला, कारण दाब टिकला नाही की पाणी लवकर उकळतं. झाकण गरम असताना उघडू नका. पट्टा अंगठ्यानं दाबल्यावर १० ते १५ मिलिमीटर दबावा.

यातही काही सापडलं नाही, तर इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून ते सुरू करा आणि पाण्यात सतत बुडबुडे येतायत का ते बघा. येत असतील तर हेड गॅस्केट गेलंय किंवा हेडला तडा आहे. मग हेड उतरवावंच लागेल, आणि ते उतरवतील तेव्हा सुटणारे पत्रे एका गोणीत भरून गॅरेजमधून आपल्या घरी घेऊन या.